अमेरिकेच्या कौलावर दिलेली जोडी

माझ्या साडूने मला फसवलं. अमेरिकेतल्या मतदारांचा कौल दाखवून त्याने माझी बैलजोडी नेली, आणि त्या कौलाने आपल्या कापसाचं काही भलं होणार नाही हे त्याला ठाऊक होतं. हे आधीच लिहून टाकतो, कारण आमच्या दोन्ही तांड्यांत आता उलटंच बोललं जातं: मी तापट, मी हात उचलला, मी नातं तोडलं. हात मी उचलला. तो समोर आला तर पुन्हा उचलेन.

मी बैलबाजारातला दलाल. फुलसावंगीजवळच्या बंजारा तांड्यातला. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरायचे असं लग्नाकार्यात अभिमानाने सांगतात, पण माझ्या बापाच्या दावणीला शेळीसुद्धा नव्हती. दुसऱ्यांची जनावरं धरून उन्हात उभा राहत मी धंदा शिकलो. आमचा सौदा रुमालाखाली होतो. वर तोंडाने पावसापाण्याच्या गप्पा आणि खाली बोटांची मारामारी. समोरच्याची बोटं ओली झाली की मी आणखी दाबतो. बैलाचा जबडा उघडून दात पाहिल्याशिवाय मी सख्ख्या भावाचाही शब्द धरत नाही. घरी आम्ही आमच्या गोरबोलीत बोलतो, सौदा आणि भांडण मात्र वऱ्हाडीत करतो. त्यासाठी ती भाषा बरी पडते.

शेकडो बैल माझ्या हातून गेले, पण एक जोडी मी विकायची नाही म्हणून ठेवली होती. एक पांढरा, एक कोसा, म्हणजे भुरकट रंगाचा. वासरं असताना आणली, स्वतः वाढवली. कोसा माझ्या आवाजावर मान वळवायचा. बाजारात लोक विचारायचे, "भाऊ, याइचं काय?" मी म्हणायचो, "याइचं काही नाही. पुढं चाल."

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. शेजारच्या तांड्यात राहतो. त्याचा जावई अमेरिकेत संगणकावर नोकरी करतो, आणि त्या जावयामुळे साडू स्वतःला अर्धा अमेरिकन समजतो. यंदा फाल्गुनात मी त्याच्याकडे गेलो तर त्याची पुढची खोली कापसाने आढ्यापर्यंत भरलेली. भाव पडलेला म्हणून त्याने विकला नव्हता. घरात साठवलेल्या कापसाची खाज किती वाईट असते ते ज्याच्या घरात कापूस असतो त्यालाच कळतं. घरातले सगळे खाजवत होते. मेहुणी हाताला खोबरेल चोळत ओरडत होती, "हा कापूस काढा, नाहीतर मी काडी लावते!"

मला वाटलं, सावज अडकलं. म्हणालो, "भाऊ, देऊन टाका मले. बदल्यात म्हैस घ्या."

"नाही साडूभाऊ. जावई म्हणते थांबा."

"जावयाले कापसातलं काय समजते?"

"कापसातलं नाही, मतातलं समजते. हे पाहा."

त्याने फोन पुढे केला. पडद्यावर दोन रेघा होत्या. एक चढणारी, एक उतरणारी. तो सांगू लागला. तिथे सारखी लोकांना विचारणा होते: राष्ट्राध्यक्षाचं काम पसंत आहे की नाही, आज मतदान झालं तर कोणत्या पक्षाला देणार. किराणा महाग झाला म्हणून लोक पिसाळलेत. जे कोणत्याच पक्षाचे नाहीत तेही त्याच्यावर उलटलेत. उतरणारी रेघ पसंतीची, चढणारी नापसंतीची. नोव्हेंबरात मतदान.

"मग?" मी विचारलं.

"मग काय! हरला की संपला तो. तो संपला की शुल्काविना इकडे कापूस घालाची त्याची बोलणी संपली. तिकडच्या गाठी इकडे उतरत नाही म्हणजे आपल्या कापसाले भाव."

मला यात न पटण्यासारखं काही दिसलं नाही. आमच्या पंचायतीत सदस्य फिरले की सरपंच घरी बसतो. आमदार उठून गेले की राज्याचं सरकार कोसळतं, तेही आम्ही पाहिलं. मत फिरलं की खुर्ची गेली. यात दात कशाला तपासायचे?

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, मला वाटत होतं की मीच त्याला लुटतोय. भाव वाढणार हे त्याला कळतंय, पण बायकोच्या खाजेपुढे त्याचं काही चालत नाही, असा माझा हिशोब.

पुढच्या वेळी गेलो तर नवा कौल आला होता. राष्ट्राध्यक्ष आणखी घसरला होता. साडू म्हणाला, "आता म्हशीत जमत नाही. एक बैल." त्यापुढच्या वेळी आणखी घसरला. तिकडे तो माणूस एक पायरी खाली उतरला की इकडे माझ्या दावणीचा एक खुंटा हलायचा. मी मुद्दाम ते चित्र माझ्या फोनवर मागवलं, शेजारच्या पोरीकडून त्याखालच्या ओळी वाचून घेतल्या आणि साडूवर तुटून पडलो.

"त्याच्या विरोधकायलेही लोक शिव्या देऊन राह्यले. त्याइच्याच पक्षातले देऊन राह्यले. हे काहून नाही सांगतलं?"

"शिव्या देतात, पण मत त्याइलेच देतात," तो म्हणाला. "आपण दुसरं काय करतो बे?"

मेहुणी हसली. मीही हसलो. आणि हसता हसता त्याने खांद्यावरचा रुमाल माझ्या हातावर टाकला. त्याची बोटं कोरडी होती, थंड होती. माझी ओली होती. त्याने दोन बोटं दाबली. दोन्ही बैल. मी हात काढून घ्यायला हवा होता.

एक अट मी घातली. शेतात वाहायचं, शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, पळवायचं नाही. त्याने कोशाच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाला, "बैलाची आण." विकलेल्या जनावराचं दावं आम्ही देत नाही, म्हणून दावी काढून घेतली आणि त्याच्या नव्या दोरांना जोडी बांधून दिली. कोसा वळून वळून पाहत होता. मी पाठ फिरवली, कारण माझ्या घरी कापसाचा ट्रॅक्टर आला होता.

मग बायको खाजवू लागली, मी खाजवू लागलो, पण बाजारात माझी मान ताठ. मी सगळ्यांना सांगत सुटलो, "नोव्हेंबरात पाहा, त्या गड्याची खुर्ची जाते." अमेरिकेच्या मतांवर माझ्याइतकं बोलणारा माणूस त्या बाजारात नव्हता.

चैत्रात एका जिनिंगवर कापसाचा नमुना घेऊन गेलो, नुसता भाव चाचपायला. तिथल्या खरेदीदाराने कापूस चिमटीत ओढून पाहिला आणि एक पडेल भाव सांगितला. मी म्हणालो, "आता देतच नाही. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष पडला की देईन."

"तो कायले पडते?"

"मतदानात."

 त्याने वजनकाट्यावरच्या माणसाला हाक मारली, "ये इकडे, ऐक, भाऊ काय म्हणून राह्यले." मला पुन्हा सगळं सांगायला लावलं. आणि दोघे हसले. पोट धरून हसले.

"भाऊ, ते मधलं मतदान आहे. खासदार बदलतात. राष्ट्राध्यक्ष आपल्या खुर्चीतच राहते."

"आणि त्याचा पक्ष आपटला तर?"

"तर त्याचे कायदे अडतात. पण शुल्क लावाचं, सौदे कराचे, हे तोच पाहते. चिडला तर अजून जोरात करते. हे कोण्या पोराले विचारलं असतं तरी सांगतलं असतं."

त्याच्या टेबलावर चहा होता. मी टेबलच उलटं केलं. गरम चहा त्याच्या मांडीवर, नमुन्याचा कापूस फरशीवर. त्याचा तसा दोष नव्हता. पण तो हसला होता, आणि मला तेव्हा कुणाला तरी भाजायचं होतं.

तिथून थेट साडूच्या घरी गेलो. मेहुणी एकटी होती. अंग साफ, खोली सारवलेली. "पटाले गेले," ती म्हणाली, आणि तोंडातून निघून गेल्यावर तिने जीभ चावली.

कळंबच्या पुढे, राळेगावच्या वाटेवर एका गावी पट भरला होता. मोटारसायकल कशी हाणली ते मला आठवत नाही. मैदानात पोचलो तेव्हा दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती, मधे धुळीची पट्टी, भोंग्यावर एकजण घसा फाडून जोड्यांची नावं पुकारत होता. माझी जोडी छकड्याला जुंपलेली मला सुरुवातीच्या रेघेवर दिसली. शिंगांना रंग, कपाळावर गुलाल. कोशाच्या मागच्या मांडीवर रक्ताचे ठिपके होते. काठीच्या टोकाची लोखंडी आर टोचून टोचून तयार केलेला. साडू कडेला उभा होता, डोक्याला फेटा.

मी त्याचा दंड धरला. "सौदा मोडला. माझे बैल सोड."

"साडूभाऊ, तुमी इथं? एवढी धाव होऊ द्या, मग बोलू."

"आत्ता सोड."

"लोकं पाहून राह्यले. शोभते का?"

झेंडी पडली. छकडा हाकणाऱ्या धुरकऱ्याने पांढऱ्याची शेपटी दातात धरून चावली आणि कोशाच्या मांडीत आर खुपसली. जोडी उधळली. पळताना बैलाला आनंद होतो म्हणतात. मी जवळून पाहिलं, त्या डोळ्यांत आनंद नव्हता, नुसतं पांढरं दिसत होतं. अर्ध्या पट्टीवर कोशाचा पुढचा पाय मुडपला. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. तो खाली गेला, पण पांढरा पळतच होता, आणि जुवाला अडकलेली कोशाची मान जमिनीवरून फरफटत गेली. छकडा उलटला. धुरकरी उडून पडला. लोक ओरडत होते, आणि त्यातले निम्मे अजून मजेने ओरडत होते.

मी पोचलो तेव्हा कोसा उठायचा प्रयत्न करत होता. गुडघ्याखालचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं, आणि तो त्याच पायावर भार द्यायला पाहत होता. मी हाक मारली. त्याने मान वळवली.

साडू मागून धावत आला. "अरे अरे अरे," एवढंच म्हणत होता. मी वळून त्याच्या तोंडावर मारलं. फेटा उडाला. मग खाली पाडून मारलं. छातीवर बसून मारलं. धुरकऱ्याची आर बाजूला पडली होती, ती उचलली आणि त्याच्या मांडीत घातली, जिथे बैलाला घातली होती तिथेच. तो किंचाळला. मी त्याचा गळा धरून विचारलं, "खुर्ची जात नाही हे तुले माहीत होतं का?"

तोंडातून रक्त आणि एक दात थुंकून तो म्हणाला, "तू विचारलंच कुठं?"

मी दगड उचलला होता. चार जणांनी माझा हात धरला. कुणीतरी मागून काठी मारली, बरगडी मोडली, ती अजून श्वास घेताना टोचते. मला बाजूला नेऊन दाबून धरलं आणि मी तिथूनच पाहिलं: जनावरांचा डॉक्टर आला, त्याने मान हलवली, सुई भरली. कोशाचं डोकं हळूहळू धुळीत टेकलं. मोडक्या जुवाचा तुकडा गळ्यात अडकवून पांढरा त्याच्याजवळ उभा होता. त्याला तिथून हलवायला पुन्हा काठ्याच लागल्या.

पोलिसात कुणी गेलं नाही. घरचं भांडण म्हणून नसाब बसली. नसाब म्हणजे आमची तांड्याची न्यायसभा. दोन्ही तांड्यांचे नायक, जाणती माणसं, कडेला बायका. साडू मांडीला पट्टी बांधून बसला होता. मी सगळं सांगितलं. रेघा, कौल, अट, आण.

आमच्या नायकांनी त्याला विचारलं, "का रे, मतदानानं खुर्ची जात नाही हे तुले ठाऊक होतं?"

तो म्हणाला, "नायकसाहेब, मी शिकलेला आहो का? जावयानं चित्र धाडलं, मी दाखवलं. मलेही तेच वाटलं जे याले वाटलं."

"खोटं बोलते!" मी उठलो. "पटावर काय म्हणला होता?"

"मार खाताना माणूस काहीही बोलते," दुसरा नायक म्हणाला. एकजण मागून पुटपुटला, "दलालाले फसवलं म्हणते. आइका!" सगळे हसले. बायकासुद्धा.

निकाल असा लागला. पटात बैल मरतात, ते देवाच्या हातात. सौदा दोघांच्या राजीखुशीने झाला. नात्यातल्या थोरल्यावर हात उचलला आणि आर खुपसली, म्हणून दंड मला. आण मोडल्याबद्दल त्याला फक्त समज दिली. पांढरा बैल त्याचाच राहिला.

मतदान अजून व्हायचं आहे. कौल येतच आहेत, शेजारची पोरगी मला वाचून दाखवते. ती म्हणते राष्ट्राध्यक्षावर नाराजी आहे, विरोधकांवरही आहे, कुणाचं पारडं किती जड यावर तिथेही भांडणं चाललीत. कोण जिंको, मला आता त्याचं काही नाही. तिथल्या लोकांनी मला फसवलं नाही. त्यांना जे विचारलं त्याचं त्यांनी उत्तर दिलं.

मला एकाच माणसाचं उत्तर हवं आहे. दंड मी भरला, त्याबद्दल बोलत नाही. पण नसाब पुन्हा बसवा. साडूचा जावई जिथे असेल तिथून त्याला फोनवर घ्या आणि सगळ्यांना ऐकू येईल असं विचारा की त्याने सासऱ्याला काय सांगितलं होतं. आणि साडू, तू माझ्या डोळ्यात पाहून, दोन्ही नायकांसमोर, तुझ्या बायकोसमोर, तोंडातली ती फट उघडून सांग: कोशाच्या कपाळावर हात ठेवला तेव्हा खुर्ची जात नाही हे तुला माहीत होतं की नव्हतं? आता मी विचारतो आहे. बोल.