टिपाडाचा सूर

मराठवाड्यातल्या इंडस्ट्रियल मेटलचा इतिहास आमच्या सिडकोतल्या घराच्या मागच्या अंगणात सुरू झाला आणि तिसऱ्या दिवशी, आईच्या देखत, तिथंच संपला.

इंडस्ट्रियल मेटल म्हणजे कारखान्याचा खडखडाट आणि त्यावर माणसाचं ओरडणं. माझा मित्र दत्ता वाळूजच्या कारखान्यात प्रेस शॉपमध्ये कामाला होता. खडखडाट तो रोज आठ तास ऐकायचा, ओरडण्याची बाजू त्याचा सुपरवायझर सांभाळायचा. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचो. पण नवरदेवाच्या मामांच्या फर्माइशी वाजवून वाजवून जीव विटला, आणि आम्ही जोडधंदा म्हणून स्वतःचा बँड काढला. नाव ‘गंज’. अल्बमचं नाव ‘थर्ड शिफ्ट’. माझी इच्छा अगदी साधी होती: आपलं संगीत कुणीतरी शेवटपर्यंत ऐकावं! ऑर्केस्ट्रात पंगत बसली की आम्हाला कुत्रं विचारत नसे.

पत्रे झाले, साखळ्या झाल्या, पण दत्ताला हवा तो ‘धडाम’ कशातच सापडेना. शेवटी त्यानं आमच्या टिपाडावर पाना हाणला. दोनशे लिटरचं लोखंडी टिपाड, घरातलं सगळं पाणी पोटात घेऊन बसलेलं. आवाज ऐकून दत्ता गहिवरला.

“ह्योच! ह्योच पाहिजे व्हता!”

टिपाड त्या वेळी बरोबर अर्धं भरलेलं होतं. आणि वर्ष दुष्काळाचं होतं. नळ आठवड्यातून एकदा नुसता खोकायचा, टँकर यायचा तो रफिकभाईंच्या मर्जीनं. अशा वर्षी मी घरात फर्मान काढलं (तेव्हा मला अक्कल नव्हती, आता आहे असा दावा नाही) की रेकॉर्डिंग संपेपर्यंत टिपाडाला कुणी हात लावायचा नाही.

“का रं?” आईनं विचारलं.

“पाणी कमी झालं की सूर बदलतो.”

“आन् अंघोळ?”

“आई, तीन दिवसांचा तर प्रश्न आहे!”

“तीन दिवसांनी सूर बदलंल का नाय ते मला ठाऊक नाय. वास बदलंल!”

दुसऱ्या दिवशी दत्तानं पहिलाच पाना मारला आणि थबकला. त्यानं स्वयंपाकघराकडं संशयानं पाहिलं.

“काकू, खरं सांगा. किती काढलं?”

“तांब्याभर. वरण शिजवायचं व्हतं.”

“सूर गेला की वो!”

“मग वरण खाऊ नको.”

दत्तानं वरण खाल्लं. दोन वाट्या. मग मी तांब्या घेऊन शेजारी गेलो. शेजारच्या काकूंनी विचारलं, “प्यायला पायजे का?” मी खरं तेच सांगितलं, “नाही, सुरासाठी.” त्यांनी दार लावून घेतलं. पुढच्या चार घरांत मी प्यायलाच मागितलं.

तिसरा दिवस, शेवटचं गाणं. रेकॉर्डर चालू. दत्ता सुपरवायझरला स्मरून गर्जतोय, मी साखळी आपटतोय, टिपाड घुमतंय... आणि गल्लीच्या तोंडाशी टँकरचा हॉर्न! मागचं दार उघडून आई थेट अंगणात.

“पाणी आलं! पाणी आलं रेऽऽ! सोडा ते बडवणं, हंडे घ्या आधी!”

त्यानंतर काय झालं ते फक्त रेकॉर्डरला माहीत, कारण तो बंद करायला कुणी थांबलंच नाही. कलावंत म्हणून गर्जणारा दत्ता रांगेत सगळ्यांच्या पुढं होता! संध्याकाळी आम्ही ते ऐकलं. आईची हाक, सगळ्या गल्लीतल्या हंड्या-बादल्यांचा खणखणाट, पळणारी पावलं, दोन भांडणं. अख्ख्या अल्बममध्ये सगळे एका ठेक्यात असलेलं तेवढं एकच गाणं. तेच आम्ही शेवटी ठेवलं. नाव, ‘पाणी आलं’.

सीड्या काढल्या, नातेवाइकांत वाटल्या. माझ्या काकांनी दुसऱ्याच दिवशी परत आणून दिली. “खराब निघाली बघ, नुसती खरखर करतीय.” दत्ता महिनाभरात कन्नडला आपल्या गावी निघून गेला आणि ‘गंज’ खऱ्या अर्थानं गंजला. शेवटची सीडी मी रफिकभाईंना दिली. चार दिवसांनी ते खूश होऊन आले.

“भाई, बाकी गाने तो तुमकोच मुबारक! लेकिन वो अम्मावाला? एक नंबर! हॉर्न की जरूरतच नहीं!”

आणि त्यांनी टँकरवर भोंगा बसवला.

पुढं शहर वाढलं. पैठण रस्त्यानं बिडकीनच्या दिशेला इमारती उगवत गेल्या, पाणी काही त्यांच्यामागं गेलं नाही. रफिकभाईंचे एकाचे पाच टँकर झाले, पाचांवर तेच गाणं. आम्हीही तिकडंच चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. जाहिरातीत ‘चोवीस तास पाणी’ होतं. आईनं जाहिरात वाचली आणि टिपाड बरोबर घेतलं.

पुन्हा दुष्काळ पडला. एका सकाळी खाली भोंगा वाजला, “पाणी आलं रेऽऽ!” सातही मजल्यांवरून माणसं धावत सुटली. मीही दोन कॅन घेऊन रांगेत उभा राहिलो आणि माझा ऊर भरून आला. खरंच भरून आला! एवढे श्रोते, तेही पळत आलेले, आणि गाणं संपेपर्यंत एकही हलत नाही!

“ओ भाऊ, पुढं सरका की!” मागच्या बाई ओरडल्या.

“ताई, हे गाणं माझं आहे.”

त्यांनी मला खालीवर न्याहाळलं.

“आवाज तर बाईचा हाय.”

सगळी रांग हसली. मी सरकलो. कॅन भरून चार मजले चढायचे, पुन्हा रांगेत लागायचं, असं करता करता टँकर आटला तेव्हा आमचं टिपाड अर्धंच भरलं होतं. मी धापा टाकत खाली बसलो. आई आली, तिनं वाकून आत पाहिलं, मग बोटानं टिपाडावर टकटक करून कान लावला.

“घे, लागला बघ तुझा सूर,” ती म्हणाली. “आता तीन दिवस तुझी अंघोळ बंद.”