प्रकाशने न कापलेला जॉइंट

प्रकाश आज सकाळी गेला.

मला वाईट वाटलेलं नाही. बातमी वाचून मी चहाबरोबर दोन खारी जास्त खाल्ल्या.

सकाळपासून ग्रुपवर हात जोडलेले इमोजी पडतायत. ‘मुंबईतल्या विंडसर्फिंगचा पायोनियर गेला.’ ‘जिवलग मित्राचा निष्काळजीपणा बघून त्याने सेफ्टीचा ध्यास घेतला.’

तो निष्काळजी मित्र म्हणजे माझा सख्खा भाऊ. अनिलदादा.

आता बसा आणि वाचा.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. आम्ही अंधेरीला चाळीत राहायचो. दादा आणि प्रकाश एकाच कंपनीत ट्रेनी होते. कुठल्यातरी साहेबाने परदेशी जाताना टाकून दिलेले दोन बोर्ड या दोघांना मिळाले, आणि दोघं वेडे झाले. बोर्ड खारदांड्याला एका ओळखीच्या घरामागे ठेवायचे. दर रविवारी समुद्र.

विंडसर्फिंगमध्ये शिडाची काठी बोर्डला एका जॉइंटने जोडलेली असते. रबराचा, मुठीएवढा तुकडा. सगळा जोर त्यावर. खाऱ्या पाण्याने आणि उन्हाने त्याला चिरा पडतात, मग तो बदलावाच लागतो.

बदलणार कुठून? तेव्हा इथे काही मिळायचं नाही. कोणाचा मामा गल्फमधून येईल तेव्हा पार्ट येणार. तोवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळा आणि देवाचं नाव घ्या.

म्हणून त्यांच्या कंपूत एक नियम होता. नवा जॉइंट लावला की जुना सगळ्यांसमोर कोयत्याने कापायचा. दोन तुकडे. कारण आपली घरं कशी असतात, माहितीये ना? दुधाची पिशवी धुऊन वाळत घालणारे आपण. जुना जॉइंट अख्खा राहिला की कोणीतरी म्हणणारच, ‘काढेल रे अजून एक सीझन.’

आमच्या मामाने मस्कतहून एक नवा जॉइंट पाठवला. कंपूच्या रेसच्या आदल्या दुपारी दादाने तो दांड्याला जाऊन लावला. मी सोबत होते. स्क्रू आवळताना त्याची जीभ बाहेर यायची, अगदी लहान मुलासारखी.

जुना हातात घेऊन तो कोयता शोधायला लागला.

प्रकाश म्हणाला, “दे इकडे, मी कापतो. तू हिला घेऊन घरी जा, आई वाट बघत असेल.”

दादाने दिला. मित्रच ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मतलई वारा होता. जमिनीवरून समुद्राकडे जाणारा. काही तुटलं तर तो माणसाला आत नेतो, किनाऱ्याला आणत नाही.

रेसमध्ये प्रकाश पहिला आला. दादा आलाच नाही.

जॉइंट तुटला की माणूस शिडासकट पाण्यात पडतो आणि हलका बोर्ड वाऱ्याने पुढे निघून जातो. लाइफजॅकेट वगैरे तेव्हा आमच्याकडे कुठली! दांड्याच्या होडीवाल्यांनी संध्याकाळी बोर्ड आणला. दादा नंतर सापडला.

तुटलेल्या जॉइंटचा अर्धा भाग बोर्डलाच होता. मी त्यावर हात फिरवला तर बोटं काळी झाली. वास आला तो चेरी ब्लॉसम पॉलिशचा... म्हणजे बुटाच्या पॉलिशचा. खाली सगळ्या जुन्या चिरा.

मी तिथेच त्याला विचारलं, “प्रकाश, हा जुना आहे ना?”

“तुला काय कळतं गं यातलं? अनिलने बदलला नसेल. आळशी होता तो.”

अंत्यसंस्कार व्हायचे होते अजून. तेव्हा तो हे म्हणाला.

घरी आईला सांगितलं. मला वाटलं, ती त्याला दारातही उभा करणार नाही. पण तो येत राहिला. रॉकेलच्या लाइनीत तो उभा. दिवाळीला कंदील लावायला तो. ‘आई, आई’ करत ताटावर बसायचा आणि आई त्याला सुरमईचा मधला तुकडा वाढायची. मी उठून गॅलरीत जायचे.

एकदा भांडलेच मी तिच्याशी. तेव्हा ती म्हणाली, “माका म्हायत आसा गो सगळा. पण तो इलो काय माका वाटता, मागसून अनिल येतलो. माझी शपथ आसा तुका. तो जिवंत आसा तवसर तोंड उघडू नको.”

आई गेली. शपथ राहिली.

तिच्या तेराव्याला हा जेवून हात धुताना माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, “सकाळी लवकर जाऊन अनिलचा नवा मी माझ्या बोर्डला लावला गं, आणि जुना त्याच्या. मला ती रेस जिंकायची होती. वाटलं, जुना एक दिवस तरी काढेल.”

माझ्या हातात खिरीचं पातेलं होतं, ते त्याच्या डोक्यात घालायला हवं होतं.

आणि त्यानंतरही हा माणूस स्टेजवर उभा राहून पोरांना सांगत राहिला. “गिअर चेक करा, रे. पार्ट वेळेवर बदला. माझ्या मित्राने बदलला नाही.” टाळ्या. शाल. श्रीफळ.

लाज कशी वाटली नाही रे तुला?

दुपारी त्याच्या मुलाचा फोन आला. “आत्या, रविवारी शोकसभा आहे. बाबांबद्दल तुम्ही बोला ना. त्या दिवसांतलं दुसरं कोणी उरलं नाही.”

पोर गुणी आहे. त्याच्यावर माझा राग नाही. भर सभेत त्याला हे ऐकावं लागू नये, म्हणून मी नाही म्हटलं. त्याने विचारलं, का? मला फोनवर बोलता आलं नाही.

बाळा, हे त्याचं उत्तर.

दादा, तू निष्काळजी नव्हतास. भावपूर्ण श्रद्धांजली, आजही फक्त तुला.

प्रकाश, तू जा आता.