अप्पांच्या अंगावरून टेप

मी निघालो त्या दिवशी सीमाभागातल्या कमलनगरच्या स्टँडसमोर माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि एका पुढाऱ्याचं भाषण. मी अमेरिका ताब्यात घ्यायला निघालोय, हे मला त्या भाषणातून पहिल्यांदा कळलं. प्रत्यक्षात व्हिसा माझ्या नर्स बायकोचा होता आणि मी तिच्या बॅगांसोबत जाणारा माणूस होतो. भाषण मराठीत सुरू झालं, कन्नडमध्ये शिरलं आणि उर्दू शेरावर संपलं, म्हणजे आमच्याकडच्या रीतीप्रमाणे सगळ्यांचं समाधान झालं. अप्पा, माझे वडील, गर्दीच्या मागं जीपला टेकून उभे होते. जीप सुटताना एवढंच म्हणाले, "कामून रडायलास? आम्ही कुठं जायलोय का?"

ओहायोतल्या एका लहान गावाच्या पार्क खात्यात मला काम मिळालं. बर्फ वितळला की बेसबॉलची मैदानं आखायची. हा खेळ मी जन्मात पाहिला नव्हता, पण आखायला खेळ कळावा लागत नाही. चेंडू मारणारा उभा राहतो तिथं एक पांढरी पाचकोनी पाटी असते. तिच्या टोकाशी खिळा ठोकून टेप अडकवायची आणि मैदानाच्या मधोमध सरळ ओढायची. एकशे सत्तावीस फूट आणि वर थोडे इंच भरले की तिथं दुसरा बेस, म्हणजे पळणाऱ्यानं गाठायचा टप्पा. मग पाटीपासून एक आणि दुसऱ्या बेसपासून एक, अशा नव्वद-नव्वद फुटांच्या दोन टेपा उजवीकडं ताणायच्या. त्या भेटतील तिथं पहिला बेस, डावीकडं भेटतील तिथं तिसरा. शेवटी पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत मोजून ताळा करायचा. तोही तेवढाच, एकशे सत्तावीस आणि वर थोडे इंच, यायला हवा.

सुरुवातीला मी टेप ओढण्याआधी थबकून जमिनीकडं बघायचो. माझा जोडीदार लुईस विचारायचा, "खाली पाईप आहे का?" त्याला काय सांगणार?

आमचं घराणं मूळचं मेंढरांमागं फिरणारं. आमच्यात माणूस गेला की जाळत नाहीत, स्वतःच्या रानात माती देतात. आणि मेलेल्याच्या अंगावरून दोरी नेत नाहीत. नेली तर तो उठून बसतो. सरकारी मोजणीला आलेल्या सर्व्हेअरला अप्पांनी हात जोडून सांगितलं होतं, "सायेब, म्हातारा झोपलाय. तेवढं बाजूनं जावा." साहेबांनी आजोबांना वळसा घातला. तेव्हापासून आमचं रान सरकारी नकाशात कंबर मोडल्यासारखं दिसतं.

अप्पा गेले ते कोरोनात, विमानं बंद होती त्या दिवसांत. धाकट्या भावानं, दत्तानं, चार माणसांत माती दिली. खुणेचा दगड थोरल्या मुलाच्या हातानं बसवायचा असतो, म्हणून जागा तशीच राहिली. मी पोचलो तेव्हा तूर डोक्याएवढी उभी होती. पुढच्या खेपेला बसवू, असं ठरलं. मधल्या पावसांनी आणि ट्रॅक्टरनं काळी माती सपाट करून टाकली.

ह्या वर्षी गावच्या शाळेतल्या पोरी तालुक्याला बेसबॉल खेळायला निघाल्या आणि दत्तानं विहिरीजवळचा तुकडा त्यांना सरावाला दिला. त्याचा फोन आला तेव्हा माझी सकाळ होती, त्यांची संध्याकाळ. त्याची बायको सुमन व्हिडिओवर रान दाखवत फोन धरून उभी होती आणि मी मापं सांगून आयुष्यात पहिल्यांदाच गावाला उपयोगी पडत होतो. पाटी बसली. दत्ता टेप घेऊन निघाला आणि सुमन ओरडली, "अवो, थांबा! मामंजी हितंच हाईत."

"हितं कुठं? अप्पा तिकडं धुऱ्याच्या बांधाला हाईत."

"हितंच."

"तू आलतीस का मातीला?"

"न्हाई. पर तिसऱ्या दिवशी निवद घेऊन मीच आले की. तुम्ही रडायलतात, तुम्हाला काय दिसलं?"

मग दोघं फोनकडं वळले. ज्यानं काहीच पाहिलं नाही तो निःपक्षपाती, म्हणून निकाल माझ्याकडं आला. मी म्हणालो, मैदान फिरवून घे.

"फिरवतो की दादा," दत्ता म्हणाला. "पर अप्पा कुठं न्हाईत, तेवढं सांग."

मग दत्तानं चपला काढल्या, रानाकडं तोंड केलं आणि झोपलेल्या माणसाला बोलावं तसं हळू म्हणाला, "अप्पा, उलसं सरका. पोरी खेळायल्यात."

त्यानं टेप ओढली. दुसरा बेस झाला, पहिला झाला, तिसरा झाला. ताळा केला तर वीतभर जास्त भरलं. मी कारण सांगितलं: कापडी टेप लांबवर मधे झोळ धरते, रानही सारखं नाही. दत्तानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"न्हाई सरकले," तो म्हणाला.

"परत ओढून बघ," मी म्हणालो.

"राहू द्या भावजी," सुमन म्हणाली. "एकदा उठवलं तेवढं बास."

मैदान तसंच राहिलं. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी ते आंतरराष्ट्रीय मापाचं असल्याचं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. पोरी धावतात, आणि त्यांच्यातल्या कुणालाही वीतभराचा फरक जाणवत नाही.

इथं ओहायोत मी आता न थबकता टेप ओढतो, कुठंही पाय देतो. खाली माझं कुणी नाही. डिसेंबरात गावी जायचंय. दत्तानं उदगीरहून दगड घडवून आणलाय. तो उचलून मी त्या रानाच्या कडेला उभा राहीन. मागं दत्ता असेल, सुमन असेल, दोघं दोन दिशांना बोट दाखवतील. जगात तेवढीच एक जमीन माझी आहे, आणि तिच्यावर कुठं पाय देऊ नये, हे मला ठाऊक नाही.