धनगरणीची मिशी

गाणं सुरू करण्याआधी तो खांद्यावरचा पदर सावरायचा. अंगात सदरा असला तरी. जिनिंगमध्ये कापसाच्या ढिगाऱ्याशी काम करताना गुणगुणला, तरी हात खांद्याकडे जायचाच. आम्ही हसायचो, तोही हसायचा. "सवय हाय, न्हाई जात," म्हणायचा.

निजामाच्या अमदानीत आमच्या परतूरच्या शाळेतल्या गुरुजींनी एक लांबलचक कविता लिहिली होती. दुष्काळात हरवलेलं कोकरू शोधत फिरणाऱ्या धनगरणीची. आम्ही जिनिंगवाल्यांनी तिचं संगीत नाटक केलं आणि धनगरीण झाला तो, खऱ्या धनगराचा मुलगा. मोठ्या कंपन्यांची नाटकं पाहिलेली माणसंही त्याच्या पदांना वन्समोअर द्यायची. तुम्हाला फुशारकी वाटली तर वाटू द्या, आम्हाला त्याचा गर्वच होता.

अडचण एकच. बाप जिवंत असताना मुलानं मिशी काढायची नाही, हा आमच्याकडचा रिवाज. मिशी उतरते ती बाप गेल्यावर. आणि मिशीवाली धनगरीण कोण बघणार? न्हावी हात लावीना, म्हणून त्यानं स्वतःच वस्तरा चालवला. त्या दिवसापासून बापानं त्याच्याशी बोलणं टाकलं. नाटकाचं नाव होत गेलं, पण घरी गेला की त्याचा चेहरा उतरायचा. बा एकदा तरी बघायला यावा, एवढंच त्याला हवं होतं.

मग एका वर्षी पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांनी नाटकाला इजाजत नाकारली. नुसतं बसून गायलात तर चालेल, म्हणाले. आम्ही मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, सतरंजी टाकली आणि सगळी पदं मैफलीत गायली. रंग नाही, लुगडं नाही, त्याच्या ओठावर मिशीही पुन्हा आलेली. सोंग नाही म्हटल्यावर त्याचा म्हातारा बाप आला आणि लांब एका बैलगाडीला टेकून उभा राहिला.

कोकराला हाक मारण्याचं पद आलं. त्यानं पदर सावरला आणि हाक दिली. म्हातारा गाडी सोडून पुढं आला आणि सतरंजीच्या कडेला बसला. गाणं संपल्यावर त्यानं विचारलं, "ही हाक कुठं शिकलास?"

"तुझीच हाय, बा."

पुढल्या साली इजाजत मिळाली. नाटकाच्या दिवशी सकाळी म्हातारा स्वतः मुलाला घेऊन न्हाव्याकडे गेला. न्हावी बिचकला, तसा म्हणाला, "म्या जित्ता हाय, अन् म्याच सांगून राह्यलो. काढ."

आता तो नाही, म्हातारा तर कधीच गेला. हल्ली धनगरणीचं काम मुलीच करतात, आणि चांगलं करतात. मला मात्र त्या संध्याकाळचा म्हातारा दिसतो. पहिल्या रांगेत बसलेला, शेजारच्याला कोपरानं ढोसून सांगणारा, "ती धनगरीण दिसती ना, माझा ल्योक हाय."