खाल्लं का त्यानं?

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला निघताना सासऱ्यांनी तिजोरीची किल्ली सासूबाईंकडे दिली, गाडीची चावी माझ्या नवऱ्याकडे दिली आणि मासे माझ्याकडे सोपवले. खरं सांगायचं तर मला रागच आला. घरात मुलगा असताना ही पीडा माझ्याच गळ्यात का, असं मी तोंडावर विचारलंसुद्धा. ते म्हणाले, "त्याला समोरची भाजी दिसत न्हाई. तू कंपनीत दिसभर तपासतीस. तुला दिसंल."

मी चाकणला एका कारखान्यात तपासणीला आहे. दर तासाला मशीनवरचे पाच नग उचलायचे, मापायचे आणि जे निघेल तेच माप शीटवर लिहायचं. डिस्पॅचची घाई असली की सुपरवायझर गोड बोलायला येतो, "मॅडम, घ्या ना सांभाळून." मी सांभाळून घेत नाही. एकदा त्यापायी लाइन तासभर बंद पाडली होती आणि सगळ्या शॉपच्या शिव्या खाल्ल्या होत्या. ती गोष्ट मी घरी इतक्यांदा सांगितली होती की सासऱ्यांना तोंडपाठ होती.

आमचं घर तळवड्यात. जिन्याखाली, जमिनीपासून हातभर उंचीवर काचेची एक टाकी आहे आणि तिच्यात ओढ्यातल्या माशांची एक जोडी. सासरे त्यांना बारकी मरळ म्हणतात. मरळीच्याच कुळातली जात, पण वीतभराच्या पुढे वाढत नाही. अंग चिखलाच्या रंगाचं, कुणी ढुंकून बघणार नाही असं. पंख पसरले की मात्र निळी कड दिसते आणि तिच्या बाहेर केशरी रेघ. दिसायला गरीब, पण एक नंबरचे शिकारी. एकदा पालीचं पिल्लू टाकीवरच्या जाळीतून आत पडलं. पाणी एकदा हललं, आणि पिल्लू नव्हतं. उडीही मारतात, म्हणून जाळीवर जुना पाटा ठेवलेला असतो.

ज्या ओढ्यातली ही जोडी, तो आमच्या जुन्या वावराच्या कडेने वाहायचा. वावर केव्हाच गेलं आणि ओढ्याचा सिमेंटचा नाला झाला. शेवटचं डबकं मुरूम टाकून बुजवत होते त्या दिवशी सासरे पायजमा गुडघ्यावर घेऊन त्यात उतरले. वर डंपरवाला हॉर्न देत होता. ते स्टीलच्या डब्यात हे दोन मासे घेऊन वर आले आणि डबा छातीशी धरून चालत घरी आले. आता त्या जागेवर वर्कशॉपच्या गाड्या लागतात. म्हणजे ही जोडी गेली, तर दुसरी आणायला ओढाच उरलेला नाही. हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं.

सासूबाई माळकरी. घरात जिवंत गांडूळ म्हणजे त्यांच्या दृष्टीने अनाचारच. त्यावर फार पूर्वी तह झाला होता. गांडुळं मागच्या कुंडीतच उकरायची, स्वयंपाकघराच्या वाटेने आणायची नाहीत, आणि एकादशीला टाकीत काहीही पडायचं नाही. त्या एकादशीला आळंदीला जातात आणि घरात आम्ही सगळे साबुदाणा खातो. माशांनाही उपास. सासऱ्यांना त्याचं काही वाटायचं नाही, ओढ्यात तरी रोज कोण वाढायचं, असं ते म्हणायचे.

सोमवारी ऑपरेशन झालं. संध्याकाळी काळा चष्मा लावून ते घरी आले. डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी बजावलं होतं: वाकायचं नाही, डोळ्याला पाणी लावायचं नाही, ताण घ्यायचा नाही, रडायचंसुद्धा नाही. दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू होताच, त्या डोळ्याने माणूस ओळखू यायचा, मासा नाही. त्यामुळे ते आतल्या खोलीत कॉटवर बसून राहायचे आणि मी कंपनीच्या बसला निघाले की आतून हाक यायची, "खाल्लं का त्यानं?"

'त्यानं' म्हणजे नराने. मादी हावरट होती, तिची काळजी नसायची. मंगळवारी खाल्लं. बुधवारी खाल्लं. गुरुवारी एकादशी होती. शुक्रवारी पहाटे मी गांडूळ सोडलं तर नर टाकीतल्या खापराच्या आडोशाला उभा. गांडूळ त्याच्या तोंडासमोरून खाली गेलं. त्याने तोंड वळवलं आणि मागे सरकला. मादीने झडप घालून ते उचललं.

"खाल्लं का त्यानं?"

"खाल्लं, मामा."

बस यायला पाच मिनिटं होती, उगाच कशाला विषय वाढवायचा, एवढाच विचार होता. सासूबाईंना मात्र दारात खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "कालचा उपास हाय, आज सोडंल. त्यांना काय बोलू नगं. डोळा जाईल त्यांचा." मला ते पटलं, सोयीचं होतं म्हणून लवकर पटलं.

शनिवारीही त्याने खाल्लं नाही. आणि मला त्याचा गळा दिसला. जबड्याखाली फुगलं होतं, सुजलेल्या टॉन्सिलसारखं. तोंड घट्ट मिटलेलं, मध्येच एक झटका देऊन आत काहीतरी फिरवल्यासारखं करायचा. हवा घ्यायला वर यायचा तेही कसाबसा. मादी त्याच्या तोंडापासून हलेना. तो मरायची वाट बघतेय आणि मेला की खाणार, असं मला वाटलं आणि तिची किळस आली. मी काचेवर थापा मारून तिला हाकललं. ती परत येऊन तिथेच उभी राहिली.

"खाल्लं का त्यानं?"

"हो मामा, आज दोन खाल्ली."

'दोन' कशाला म्हणाले, मला अजून कळलेलं नाही. एकदा खोटं बोललं की ते सजवावंसं वाटतं, दुसरं काय. त्या दिवशी कंपनीत मी शीटवर माप लिहीत होते आणि माझा मलाच राग येत होता. शेजारच्या मुलीवर विनाकारण खेकसले.

रविवारी संत तुकाराम नगरला माझ्या माहेरी गेले. आईशी धड बोलले नाही, आधी जवळचं माशांचं दुकान गाठलं आणि मोबाइलवरचा फोटो दाखवला. दुकानदाराने फोटो मोठा करून बघितला. "मॅडम, हा तर ओढ्यातला मासा, हे आपल्याकडे येत नाहीत. पण इन्फेक्शन आहे, घसा बघा ना. वेगळा काढा, मीठ टाका, हे औषध टाका. दोन दिवसांत कळेल काय ते." निळ्या औषधाची बाटली आणि मासा काढायची एक लहान जाळी घेऊन मी परत आले आणि दोन्ही शिलाई मशीनच्या खणात लपवून ठेवल्या. घाबरले होते मी. माझ्या हातून तो गेला तर काय, आणि न काढता टाकीतच गेला तर काय, यात सोमवारही गेला. सोमवारी सकाळी आतून हाक आली तेव्हा मी म्हणाले, "खाल्लं." पुढे त्यांचा आवाज आला, "तू हाईस म्हून मी निवांत हाय पोरी." त्या वाक्यानंतर बसमध्ये मला बसवेना.

मंगळवारी पहिली पाळी संपवून साडेचारला घरी आले. सासरे आतल्या खोलीत पडले होते. सासूबाई देवघरात. मी बादलीत पाणी, मीठ, औषध सगळं तयार केलं, पाटा उतरवला, टाकीवरची जाळी बाजूला केली. नर पळाला नाही. एरवी हात पाण्यात घालायची सोय नसायची, आज तो खापरामागे नुसता दबला. मी त्याला काठाशी रेटलं, लहान जाळीत घेतला आणि बादलीत उलटा केला.

तो एकदा जोरात उसळला आणि त्याच्या तोंडातून पिवळं काहीतरी भसकन बाहेर आलं. पू असेल असं वाटलं. मग निळ्या पाण्यात ते पसरलं आणि वळवळायला लागलं. मोहरीएवढे दाणे, प्रत्येकाला केसाएवढं शेपूट.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. आतून कॉट करकरली आणि सासरे भिंतीला हात लावत बाहेर आले. "काय झालं? काय झालं त्याला?" म्हणत ते सरळ बादलीवर वाकायला लागले. मी त्यांचे दोन्ही खांदे धरले. माझे हात मिठाच्या पाण्याने ओले, औषधाने निळे. "मामा, वाकू नका! डोळा! मी सांगते, सगळं सांगते." आणि त्यांना तसंच उभं धरून सांगितलं. शुक्रवारपासून काहीच खाल्लेलं नाही. रोज खोटं बोलले. गळा सुजला म्हणून औषधात घातलं.

"गळा कवाधरनं सुजलाय?"

"शनिवारी दिसला."

"आन् मादी?"

"त्याच्या तोंडाशीच उभी होती सारखी."

काळ्या चष्म्यामुळे त्यांचा चेहरा कळेना. मग म्हणाले, "आजारी न्हाई गं त्यो. बाळंतपण चाललंय त्याचं. अंडी ती घालती आन् तोंडात ह्यो धरतो. पोरं फिरती होईस्तवर अन्नाला शिवत न्हाई. मला एक डाव खरं सांगितलं असतंस, तर मी हितनंच बोललो असतो की."

एवढंच. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मग त्यांचा आवाज बदलला. "आदी बापाला टाकीत घाल. हातानं न्हाई, भांड्यानं. मग एकेक पोरगं उचल. ते औषध टाकीत जाऊ देऊ नगंस." नराला पातेल्यात घेऊन सोडलं. पिल्लांना चमचा लावला तर ती कडेला चिरडायची भीती. दोनदा चमचा हातातून निसटून पाण्यातच पडला. तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक हात पुढे आला. सासूबाई होत्या. हातात देवघरातली तीर्थाची पळी.

"ही घे. बारीक हाय," म्हणाल्या आणि पदर नाकाला लावून मागे उभ्या राहिल्या.

पळीने मी ती एकेक उचलली, वाटीत टाकीचं पाणी घेतलं होतं त्यात आधी, मग टाकीत. हलणारी सत्तावीस. न हलणारी मोजली नाहीत. सासरे खुर्चीवर ताठ बसून होते, वाकू नये म्हणून दोन्ही हात खुर्चीच्या पाठीमागे अडकवलेले. आम्ही टाकीवर चादर टाकली आणि मी जमिनीवर बसून एका फटीतून बघत राहिले.

"काय करतोय?"

"काही नाही. खापरामागे आहे."

"पोरं?"

"तळाला पडलीत. हलतायत."

थोड्या वेळाने पुन्हा, "आता?"

"तसाच आहे, मामा."

उजेड कमी होत चालला होता. दिवा लावायची सोय नव्हती, तो बिथरला असता. मग नर बाहेर आला. तळाशी गेला. एका पिल्लासमोर थांबला आणि तोंड उघडलं. पिल्लू दिसेनासं झालं. मग दुसरं. मला पालीचं पिल्लू आठवलं.

"मामा, तो तोंडात घेतोय. पण खातोय की धरतोय, मला कळत नाही."

आयुष्यात माझ्या तपासणीवर कुणी एवढं अवलंबून नव्हतं, आणि मला सांगता येत नव्हतं.

"आता कुणालाच कळायचं न्हाई," ते म्हणाले. "भ्यालेला बाप खातो बी आन् धरतो बी. सकाळी गांडूळ टाक त्याच्या म्होरं. खाल्लं, तर पोरं पोटात गेली समज. न्हाई खाल्लं, तर हायती."

त्या रात्री घरात कुणी फारसं जेवलं नाही. नवरा दुसरी पाळी करून आला, त्याला सासूबाईंनीच सांगितलं, आणि पहिल्यांदाच तो टाकीपाशी जाऊन उभा राहिला.

सकाळी मी कुंडीतलं सगळ्यात लठ्ठ गांडूळ उकरलं. सासरे आधीच खुर्चीवर येऊन बसले होते, काळा चष्मा लावून, अंघोळीआधीच. सासूबाई देवघराच्या दारात. मी चादरीचा कोपरा उचलला. तळाला काहीच नव्हतं, एकही पिल्लू नाही. नर खापराशी. गळा फुगलेला आहे की मला तसा दिसावासा वाटतोय, माझा माझ्यावर भरवसा नव्हता. मी गांडूळ बरोबर त्याच्या तोंडासमोर सोडलं.

ते वळवळत खाली आलं. त्याने बघितलं. पुढे झाला, अर्धी वीत. पंख पसरले, निळी कड दिसली.

"खाल्लं का त्यानं?" मागून आवाज आला.

गांडूळ त्याच्या ओठाला लागलं. तो थांबला आणि हळूच मागे सरकला. बाजूने मादी आली आणि गांडूळ घेऊन गेली.

"नाही खाल्लं, मामा."

"नीट बघ."

मी दुसरं टाकलं. तेही मादीनेच खाल्लं.

"नाही खाल्लं. खरंच नाही खाल्लं."

सासऱ्यांचा हात चष्म्याकडे गेला.

"रडायचं न्हाई सांगितलंय डाक्टरनं," सासूबाई देवघराच्या दारातून म्हणाल्या.

"रडतंय कोण," ते म्हणाले. "तिला सांग. ती रडतीय."