लाट मोठी नव्हती

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही. ज्या दोघांना सांगायला हवं होतं, त्यांतल्या सिस्टर गेल्या. बाबा लातुरात आहेत. नांदेडहून लातूर काही लांब नाही. मी जातो, त्यांच्यापुढं बसतो, चहा पितो, परत येतो. आणि सांगत नाही.

मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. हाही एक पळपुटेपणाच आहे, मला कळतंय. पण कुठूनतरी सुरुवात करू द्या.

बाबा आणि सिस्टर हे मिशनमधलं जोडपं. अहमदपूरकडच्या एका खेड्यात मिशनचा छोटा दवाखाना होता आणि त्याला लागून मुलांचं बोर्डिंग. बाबा तिथले पाळक, म्हणजे चर्चचे उपदेशक, आणि बोर्डिंगचे मास्तरही तेच. सिस्टर नर्स. दोघंही आपल्याच मुलखातली, बोलणंही आपलंच. त्यांना मूलबाळ नव्हतं.

माझा बाप साप चावून गेला आणि चुलत्याच्या घरात आईला एक पोट जड झालं. ते पोट माझं. तिनं मला त्या बोर्डिंगात आणून सोडलं. आठवतं ते एवढंच, की कुणी माझं नावगाव विचारलं नाही. सिस्टरनं घमेल्यात कोमट पाणी आणलं, बाबा खाली बसले आणि त्यांनी माझे पाय धुतले. तिथली ती रीतच होती. दवाखान्यात कुणीही येवो, जखमा चिघळलेला म्हातारा असो, बाळंतीण असो, आधी पाय धुवायचे, मग नाव विचारायचं. काळ्या मातीत चालून आलेल्या माणसाला पहिल्यांदा प्रश्न विचारू नये, असं बाबा म्हणायचे.

ते दोघं एकमेकांचेही पाय धुवायचे, दर वर्षी, लग्नाच्या वाढदिवशी. आम्ही पोरं खिडकीतून बघून फिदीफिदी हसायचो. सिस्टर लाजून म्हणायच्या, ‘जावा रे, अभ्यास करा.’ बाबा मान वर न करता म्हणायचे, ‘बघू दे त्यांना. बायकू कशी सांभाळायची ते कुठल्या पुस्तकात न्हाई.’

धर्माचं म्हणाल, तर माझ्या गळ्यात खंडोबाचा ताईत होता. त्याचा दोरा कुजून तुटला, तेव्हा नवा दोरा ओवून दिला तो सिस्टरनं. पोळ्याला, महालक्ष्म्यांना मला गावी धाडायचे. तापात मी त्यांना एकदा आई म्हणालो, तर म्हणाल्या, ‘तुझी आई हाय गावात. मी सिस्टर.’ इतकी सरळ माणसं. आयुष्यात खोटं बोलली नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आणि मी काय केलं? शिकलो, बी.एड. झालो, नांदेडला एका संस्थेच्या शाळेत लागलो, आणि बोर्डिंग पुसून टाकलं. लग्न ठरताना सांगितलं, चुलत्यानं वाढवलं. ज्या चुलत्यानं भाकरी मोजली, त्याला मांडवात मानाचा फेटा बांधला. बाबा आणि सिस्टरना बायकोपुढं म्हणालो, ‘हे आमचे जुने गुरुजी.’ कुणी बंदूक रोखली होती का माझ्यावर? कुणीच नाही. आमच्या संस्थेचे सचिव दादासाहेब एकदा स्टाफरूममध्ये म्हणाले, ‘ही मिशनवाली माणसं लई हुशार. आधी पाय धुतात, मग डोकं धुतात.’ सगळे हसले. मीही हसलो. माझं हसू सगळ्यांत मोठं होतं. आजही तो आवाज आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आता समुद्राचं सांगतो. त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. दवाखाना केव्हाच बंद पडला होता आणि दोघं लातूरला दोन खोल्यांत राहत होती. मी विचारलं, काय पाहिजे? बाबा हळू आवाजात म्हणाले, ‘समुद्र दाखव लेका.’

जन्मभर त्यांनी बायबलातल्या, गालीलच्या कोळ्यांच्या, वादळाच्या, पाण्यावरून चालण्याच्या गोष्टी सांगितल्या आणि समुद्र पाहिला नव्हता. पाणी म्हणून त्यांनी काय पाहिलं, तर नांदेडची गोदावरी आणि एकदा इस्लापूरकडं सहस्रकुंडाचा धबधबा. समुद्र केवढा असतो, असं आम्ही विचारलं की म्हणायचे, ‘आपला पाझर तलाव हाय ना? त्याचा पलीकडचा काठ काढून टाक.’

घरी मी सांगितलं, शिक्षकांच्या प्रशिक्षणाला चाललोय. गाडी काढली. सोलापूर, कोल्हापूर, मग आंबा घाट. सिस्टर आवळासुपारी चघळत डोळे मिटून बसल्या होत्या, आणि बाबा प्रत्येक वळणाला ‘आता दिसंल?’ म्हणून विचारून राहिले होते. गणपतीपुळ्याच्या अलीकडं एका घरगुती खानावळीच्या वरच्या खोल्या घेतल्या. जेवणाआधी बाबांनी डोळे मिटून हात जोडले. मी काय केलं माहीत आहे? मी आधी आजूबाजूला पाहिलं, कुणी बघतंय का. पाण्याचा ग्लास उचलला, म्हणजे आपण त्यांच्यातले नाही असं दिसावं. तिथंच मला माझी लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

संध्याकाळी समुद्र पाहिला. बाबांनी चपला काढून हातात घेतल्या. मग म्हणाले, ‘इतकी वर्षं मी पोरांना लई कमी सांगत आलो.’

दुसऱ्या दिवशी वाढदिवस. सकाळीच बाबांनी हट्ट धरला, पाय समुद्रात धुवायचे. सिस्टर म्हणाल्या, ‘खोलीत बादली हाय की.’ बाबा म्हणाले, ‘पन्नास वर्षं बादलीच झाली. एकदा तरी थोरल्या घमेल्यात.’ त्या हसल्या. निघाल्या.

सिस्टरचे गुडघे गेलेले होते. म्हणून असं ठरलं, की मी त्यांचे दोन्ही हात धरायचे, त्यांनी उभं राहायचं आणि बाबांनी पाण्यात बसून पाय धुवायचे. पाणी घोट्याच्या जरा वर होतं. लाटा अगदी लहान. वाळूत खेळणारी पोरंसुद्धा त्यांना घाबरत नव्हती. फक्त पाणी मागं फिरताना पायाखालची वाळू ओढून नेत होतं, तेव्हा सिस्टर माझे हात आवळायच्या. ‘धरलंस ना?’ म्हणायच्या. मी म्हणायचो, ‘धरलंय.’ बाबा गुडघ्यांवर बसून, मान खाली घालून, तळहातानं त्यांच्या पावलांवर पाणी सोडत होते. बाबांना ऐकू कमी येतं, त्यात समुद्राचा आवाज. ते त्यांच्याच नादात होते.

आणि मागून हाक आली, ‘अहो सर!’

आवाज मी ओळखला. दादासाहेब. मुलाबाळांना घेऊन गणपतीच्या दर्शनाला आलेले. अर्धा मराठवाडा सुट्टीत तिकडंच जातो, हे मला सुचायला नको होतं का? त्या वर्षी शाळेला मुख्याध्यापक नेमायचा होता. माझं नाव दादासाहेबांच्या तोंडी होतं.

इथं मला सावकाश सांगू द्या. इथंच मी इतकी वर्षं घाईनं पुढं जात आलोय.

मी हात सोडले. निसटले नाहीत, सोडले. सिस्टरची बोटं माझ्या मनगटाला धरून होती. मी ती झटकली. हो, झटकली. आणि किनाऱ्याकडं चार पावलं चाललो, एकटाच फिरायला आलेल्या माणसासारखा. खिशात हात घातले. तोंडावर हसू आणलं.

‘काय सर, एकटेच?’

‘हाव दादासाहेब. जरा मोकळं व्हायला आलो.’

त्यांनी माझ्या खांद्यावरून मागं पाहिलं. ‘ती म्हातारी माणसं कोण? वळखीची हायत का?’

‘न्हाई,’ मी म्हणालो. ‘असतील कुणी.’

मला मागं वळून बघायचं नव्हतं. वळलो असतो तर सिस्टरच्या नजरेला नजर गेली असती. म्हणून मी शाळेच्या नव्या खोल्यांचं बोलायला लागलो. आणि बोलता बोलता दादासाहेबांचा चेहरा बदलला. ‘अहो, बाई पडल्या की!’ म्हणत ते मला ढकलून पळाले.

पाण्यात आधी कोण शिरलं? ते. पाय धुण्यावरून टवाळी करणारा तो माणूस नव्या पँटीसकट पाण्यात बसला आणि त्यानं सिस्टरचं डोकं वर धरलं. मी नंतर पोचलो. बाबा ‘सुलभा, सुलभा’ करत होते. सिस्टरचा एक पाय वेडावाकडा पडला होता. दादासाहेबांनी विचारलं, ‘कशा पडलात, आजी?’

सिस्टरनं माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मी आज वेगळा माणूस असतो, कुणी सांगावं. पण त्या नजरेत राग नव्हता. त्यांनी क्षणभर काहीतरी ठरवलं, एवढंच मला दिसलं. मग त्या म्हणाल्या, ‘लाट मोठी होती.’

बाबा मला म्हणाले, ‘लेका, गाडी आण.’ आपल्याकडं म्हातारी माणसं कुणालाही लेका म्हणतात, त्यामुळं दादासाहेबांना काही कळलं नाही. बाबा आणखी बोलणार, एवढ्यात सिस्टरनं त्यांचा हात दाबला आणि दादासाहेबांना म्हणाल्या, ‘हे गुरुजी चांगले दिसतात. हे सोडतील आम्हाला दवाखान्यात. तुम्ही लेकरांकडं बघा.’

हे गुरुजी. चांगले दिसतात. मोडलेल्या हाडासकट, वाळूत पडल्या पडल्या, त्या बाईनं माझी नोकरी सांभाळली. मला ह्याचा आजही संताप येतो. त्यांचासुद्धा येतो, खोटं कशाला बोलू? कुणी मागितली होती ही दया? ‘ह्यानं हात सोडला’ एवढं म्हणायला काय जात होतं? आयुष्यात खोटं न बोललेली बाई खोटं बोलली, आणि बोलली ती माझ्यासारख्या नालायकासाठी.

रत्नागिरीच्या दवाखान्यात कळलं, खुब्याचं हाड मोडलंय. पुढं लातूरला ऑपरेशन झालं. त्या पुन्हा धड चालल्या नाहीत. आधी वॉकर, मग खाट. बाबा खाटेवरच रोज त्यांचे पाय धुवायचे. मी गेलो की सिस्टर शाळेचं विचारायच्या. ‘हेडमास्तर झालास म्हणं?’ म्हणाल्या, आणि माझ्या तोंडात पेढा घातला. मी तो गिळला.

कसा झालो, तेही ऐका. नव्या वर्षाच्या पहिल्या सभेत दादासाहेबांनी सगळ्यांपुढं सांगितलं, की आमच्या सरांनी स्वतःची सुट्टी मोडून, अनोळखी म्हाताऱ्या जोडप्याला दवाखान्यात नेलं, त्यांच्यापाशी थांबले. माणुसकी अशी असते. शाल दिली, नारळ दिला, आणि मुख्याध्यापक म्हणून माझं नाव जाहीर केलं. टाळ्या वाजल्या. दादासाहेबांचे डोळे भरून आले होते. ते खरंच बोलत होते, त्यांना जे दिसलं ते. आणि मी ती शाल अंगावर घेऊन हात जोडले. बायको तेव्हा म्हणाली, ‘प्रशिक्षण सोडून समुद्रावर गेला होतात होय?’ मी म्हणालो, एक दिवस आधीच संपलं. तिला अभिमान वाटला. शाल अजून कपाटात आहे. थंडीत बायको ती पाहुण्यांना पांघरायला काढते.

सिस्टर पुढच्या दोन वर्षांत गेल्या. शेवटपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही. मी एकदा खाटेपाशी बसून तोंड उघडलं होतं. ‘सिस्टर, त्या दिवशी’ एवढंच म्हणालो, तर त्यांनी पाणी मागितलं. मी पाणी आणलं. आणि पुन्हा तोंड उघडलं नाही. त्यांनी अडवलं, असं मी मनाला समजावत राहिलो. छे. त्यांना तहान लागली होती. मला निमित्त हवं होतं.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, झालं ते झालं. बाई गेली, आता कशाला उकरायचं? मलाही तेच वाटून घ्यायचं होतं. पण बाबा आहेत. डोळ्यांनी कमी दिसतं, एकटे असतात, शेजारची एक सून डबा देते. आणि कुणीही भेटायला आलं की तीच कथा लावतात. ‘माझाच हट्ट नडला. ती म्हणत होती, खोलीत बादली हाय. मीच तिला पाण्यात नेलं. माझ्या हौसेपायी गेली ती.’ मागच्या खेपेला तर मला विचारलं, ‘लेका, तू तर हात धरून होतास. एवढी मोठी होती का रे लाट? मला खाली बसल्या बसल्या काही कळलंच न्हाई बघ.’

मी म्हणालो, ‘हाव बाबा. लई मोठी होती.’

त्यांनी मान हलवली. म्हणाले, ‘मग तू तरी काय करणार.’ आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं. त्यांनी मला धीर दिला. मी तो घेतला, चहा संपवला आणि नांदेडची बस पकडली.

समोरचा माणूस माझं पाप स्वतःच्या डोक्यावर घेऊन म्हातारपण काढतोय, आणि मी त्याच्यापुढं बशीत चहा ओततो. हिंमत नव्हती, नोकरी होती, संसार होता. असली कारणं माझ्याकडं ढीगभर आहेत, आणि त्यांतलं एकही त्या पाण्यात माझ्या हातांच्या आड आलं नव्हतं. हात धरून ठेवायला काही लागत नाही. नुसतं उभं राहावं लागतं.

बाबांचा हट्ट नव्हता. लाट मोठी नव्हती. हात मी सोडला.

एवढं मला बाबांना, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.