अकरा समुद्रघोडे आणि एक हिरवी दोरी

मंडळी, लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या सुनेनं घरात समुद्रघोड्यांची जोडी पाळली आहे. अठरा दिवसांपूर्वी वेगळ्या टाकीत ठेवलेल्या नराच्या पोटाच्या पिशवीतून शेकड्यानं पिल्लं बाहेर पडली, तांदळाच्या कणीएवढी. सून ड्यूटीवर होती. मी पिशोरकडं जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. कोकरू आईला लावतात, तशी मी सगळी पिल्लं वाटीनं काढून मादीच्या मोठ्या टाकीत सोडली.

सुनेनं येऊन कपाळाला हात लावला. "मामा, ती काय दूध पाजणार व्हय ह्यांना?"

तिथल्या पाणी गाळायच्या मोटारीनं बहुतेक पिल्लं ओढून घेतली होती. अकरा वाचली, ती सुनेनं छोट्या टाकीत हलवली.

तेव्हापासून मी घर सोडलेलं नाही. मिठाच्या पाण्यात बारीक कोळंबीची अंडी उबवायची आणि दर तीन तासांनी पिल्लांना चारायचं, हे काम मीच मागून घेतलं. सून म्हणायची, शेपटीनं कशाला तरी धरायला लागली की जगतील. म्हणून शहागंजाच्या बाजारातून हिरवी नायलॉनची दोरी मागवून दाव्यासारखी टाकीत सोडली. कुणी शिवेना.

आज दुपारी एकानं दोरीला शेपटीचा वेढा दिला आणि तिथंच बसून खायला लागलं. मी ओरडलोच.

"हळू मामा, घाबरून सोडून देईल ते!" सून म्हणाली, पण तिचेही डोळे भरले होते.

दहा अजून तरंगतायत. कुणी वाढवली असतील तर सांगा, एकाचं बघून बाकीची शिकतात का? मेंढरं तर शिकतात.